पुलाचा टोल आणि पुलाचा हिशेब



हिवाळ्यात जबलपूरच्या मंडईत हिरव्या वाटाण्याचे ढीग लागतात. इथला मटार दूरदूर जातो. त्यातले कितीतरी ट्रक तिलवाराघाटाला नर्मदा ओलांडतात आणि सिवनी, खवासामार्गे नागपूर गाठतात. वाटेत नाका आला की महामार्गाचा आणि त्यावरच्या पुलांचा टोल कापला जातो. तो भरतो कोण? ट्रकमालक तो भाड्यात धरतो, व्यापारी भावात धरतो, आणि नागपुरात पाव किलो मटार तोलून घेणाऱ्या बाई, ज्यांनी कदाचित नर्मदा पाहिलेलीही नसेल, त्या अखेर ते पैसे देतात. म्हणून ‘पुलावर टोल असावा का’ हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. टोल असायला हरकत नाही. पण तो कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, याचा हिशेब नाक्यावरच वाचता आला पाहिजे.

नदी ओलांडणे पूर्वीही फुकट नव्हते. रामकथेतल्या केवटाने रामाकडून मोबदला घेतला नाही, याचे कौतुक आपण पिढ्यानपिढ्या करतो, कारण बाकीचे नावाडी पैसे घेत होते! आजही ग्वारीघाटावरून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याला नावेने जाणारा माणूस नावाड्याला पैसे देतो आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. वल्ही मारणारे हात त्याला समोर दिसत असतात.

इंग्रजी अमदानीत या व्यवहाराला कायद्याची चौकट आली. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते, आणि १८७८ चा उत्तर भारतातील नौघाटांचा कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारी घाटावरच्या वसुलीचा लिलाव होई आणि ठेकेदार उतारूंकडून ठरलेले दर घेई. नावांचा किंवा तराफ्यांचा तात्पुरता पूल बांधला, तर तोही या कायद्याने ‘घाट’च मानला होता. म्हणजे पुलावरच्या वसुलीची कल्पना आपल्याकडे फास्टॅगबरोबर आलेली नाही. त्या कायद्यात एक अट फार शहाणपणाची होती. ठेकेदाराने दरांचा तक्ता लोकांच्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत, घाटाजवळ ठळक जागी लावलाच पाहिजे.

पण नाव आणि पूल यांत एक मोठा फरक आहे. नावाड्याला प्रत्येक खेपेला कष्ट पडतात, म्हणून प्रत्येक खेपेला त्याचे पैसे. पुलाचा जवळजवळ सगळा खर्च तो उभा राहण्याआधीच होऊन गेलेला असतो. नंतर उरते ती देखभाल. मग कर्ज फिटल्यावरही पहिल्याइतकाच टोल का, असा प्रश्न कोणीही विचारील. घराचे हप्ते फिटले तरी सोसायटीचा मेंटेनन्स आपण देतोच. पण मेंटेनन्सच्या नावाखाली कोणी हप्त्याएवढी रक्कम मागू लागले, तर आपण हिशेबाची वही मागू की नाही?

याला दुसरी बाजूही आहे. गाडी घेताना आपण राज्याला वाहनकर देतो. पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा केंद्राचा उपकर देतो. मग टोल हा तिसऱ्यांदा दिलेला पैसा नाही का? आपल्या जबलपुरातच याचे उदाहरण आहे. मदन महल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल, त्याला राणी दुर्गावतीचे नाव दिले आहे. नितीन गडकरींच्या हस्ते २३ ऑगस्ट २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. हजार कोटींच्या वरचे हे काम केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधीतून झाले. हा निधी म्हणजे आपल्या इंधनावरचा उपकरच. त्या पुलावर नाका नाही. आपण पैसे आधीच भरलेले आहेत.

सगळेच पूल असे बांधावेत, असे कोणी म्हणेल. म्हणायला सोपे आहे. पण उपकराची रक्कम अख्ख्या देशात वाटली जाते आणि पुलांची रांग लांब असते. रांगेत थांबण्याचीही किंमत पडते. पावसाळ्यात बरगी धरणाची दारे उघडली की घाटांवर पाणी चढते आणि नावा बंद होतात. मग पलीकडच्या गावातला दूधवाला, बाळंतपणाला निघालेली बाई, कॉलेजची मुले यांनी काय करायचे? पूल नसल्याचा टोल ते दर पावसाळ्यात भरत असतात, फक्त त्याची पावती मिळत नाही. कर्ज काढून पूल पंधरा वर्षे आधी उभा राहत असेल आणि वापरणाऱ्यांनी ते कर्ज फेडायचे असेल, तर तो सौदा मला वाईट वाटत नाही.

पूल महाग असतो हे नियमांतही धरलेले आहे. राष्ट्रीय महामार्गावर टोल काढताना पूल, बोगदे, उड्डाणमार्ग यांची लांबी दहापट धरण्याची पद्धत होती. जुलै २०२५ मध्ये नियम बदलला. आता दोन हिशेब करायचे. एकात फक्त बांधकामाची लांबी दहापट धरून उरलेला रस्ता त्यात मिळवायचा, दुसऱ्यात सगळा टप्पा पाचपट धरायचा, आणि दोहोंपैकी कमी येईल तो आकडा घ्यायचा. चाळीस किलोमीटरचा टप्पा सगळाच पुलांचा असेल, तर टोल पूर्वी चारशे किलोमीटरचा होई, आता दोनशेचा. कोकण रेल्वेचे तिकीट काढणाऱ्यांना हे नवे नाही. तिथेही भाडे खऱ्या अंतरापेक्षा वाढीव अंतरावर आकारले जाते, कारण त्या मार्गावर पूल आणि बोगदेच बोगदे आहेत.

गाडी अडते ती वसुली संपण्याच्या प्रश्नावर. दिल्ली आणि नोएडा यांना यमुनेवरून जोडणारा डीएनडी मार्ग २००१ मध्ये सुरू झाला. करारात अशी मेख होती की कंपनीला प्रकल्पाच्या खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळालाच पाहिजे, आणि जितका कमी पडेल तितका खर्चात मिळवायचा. परिणाम असा, की लोक टोल भरत राहिले आणि येणे फिटण्याऐवजी वाढत गेले. नोएडाच्या रहिवासी संघटनांचा महासंघ न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने वसुली थांबवली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. टोल घेणेच गैर, असे न्यायालय म्हणाले नाही. कधीही न संपणारी वसुली मात्र त्याला मान्य झाली नाही.

आता मुंबईकडे पाहू. वाशी आणि ऐरोलीच्या खाडीपुलांसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. गाडीवाल्यांना आनंद झाला आणि तो साहजिक होता. जड वाहनांचा टोल मात्र राहिला. अभियंते याचे समर्थन करतील, कारण रस्त्याची झीज आसावरच्या वजनाने फार झपाट्याने वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज साधारण सोळापट, असा ढोबळ नियम आहे. पण ट्रकचा टोल भाजीच्या भावात उतरतो. म्हणजे मोटारीत बसणाऱ्याला सूट आणि लोकलला लटकून कामावर जाणाऱ्याच्या पिशवीतून वसुली! शिवाय माफीने पुलाचा खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातो.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ चा. त्याच्या बांधकामाचे कर्ज १९७१ मध्ये फिटले, तरी टोल चालूच आहे. पण देखभालीबरोबरच त्यातून बससेवा आणि बोटसेवा चालवल्या जातात, हे तिथले मंडळ उघड सांगते. पटो न पटो, पैसा कुठे जातो ते कळते.

आपल्याकडे फास्टॅगने रांगा कमी केल्या, पण हिशेबावरचे लक्षही उडवले. पूर्वी सुटे पैसे मोजताना माणूस दोन प्रश्न तरी विचारायचा. आता रक्कम खात्यातून कधी गेली ते घरी पोचल्यावर मोबाइल सांगतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी तीन हजारांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला. सोय उत्तम आहे. पण साधा रस्ता असो की अजस्र पूल, राष्ट्रीय महामार्गावरचा प्रत्येक नाका म्हणजे एक फेरी. आपण नेमके कोणत्या पुलाचे पैसे देतो आहोत, हे विचारायची सवयच त्याने मोडेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. दरांचा तक्ता लावण्याची सक्ती १८७८ मध्ये होती. आज त्याच्या शेजारी दुसरा तक्ता हवा: पुलाला किती खर्च आला, आजवर किती वसूल झाले, देखभालीला किती गेले, वसुली कोणत्या तारखेला संपणार. संकेतस्थळावर नव्हे, नाक्यावर, आणि जबलपूरला हिंदीत तर नागपूरला मराठीत. तोवर माहितीच्या अधिकारात अर्ज करून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला हेच प्रश्न विचारता येतात. त्या अर्जाची फी दहा रुपये आहे. बहुतेक नाक्यांच्या टोलपेक्षा ती कमीच आहे.