कायदा, नियम आणि आपली हरकत
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी सेक्रेटरी असताना एका सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून त्याला भरभक्कम नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे बिनभोगवटा शुल्क लावलं. तो शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश घेऊन आला : सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. मी म्हटलं, "अहो, सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे!" तो शांतपणे म्हणाला, "कायद्याच्या खाली, साहेब." जादा पैसे परत करावे लागले.

तेव्हा मी हे वाचायला बसलो. विधिमंडळाने १९६० चा सहकारी संस्था कायदा केला आणि तपशील भरण्याचा अधिकार शासनाला दिला. त्यातून १९६१ चे नियम आले, कलम ७९-अ खालचे आदेश आले, आणि सगळ्यात खाली आपले उपविधी. आपल्या खिशाला हात घालतो तो बहुधा हा खालचा कागद.

त्या आदेशाला मुंबईच्या माँ ब्लाँ सोसायटीने हायकोर्टात आव्हान दिलं. २००७ मध्ये आदेश कायम राहिला. कोर्टात "आम्हाला पटत नाही" एवढ्यावर भागत नाही. मूळ कायद्याने दिलेला अधिकार ओलांडला, ठरलेली पद्धत टाळली किंवा निव्वळ मनमानी केली, हे दाखवावं लागतं. म्हणून खरी संधी त्याआधीची, मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हाची.

२०१९ मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याच्या नियमांचा मसुदा आला एप्रिल २०२५ मध्ये! थकबाकीवरचं व्याज २१ टक्क्यांवरून १२ वर आणण्याचं त्यात होतं. हरकतींची मुदत १५ मे. निम्मी सोसायटी गावाला. सहकार आयुक्त आपल्याच पुण्यात बसतात, तरी आपला एक कागद तिथे गेला नाही.

खडकीत कॅन्टोन्मेंट हद्दीत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २००६ च्या कायद्याप्रमाणे बोर्डाचे उपविधीही आधी प्रसिद्ध करावे लागतात, मगच केंद्राची मंजुरी.

हरकतीत "तीव्र निषेध" नको. नियमाचा क्रमांक लिहा, अडचण आपल्या हिशेबातल्या आकड्यांनी दाखवा, आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं तेही लिहून द्या. शिक्क्याची पोच फाइलला लावा. कमिटी बदलली की नेमकी तीच फाइल सापडत नाही, हे नव्या सेक्रेटरींना आत्ताच सांगून ठेवतो.