पियानो, चरखा आणि प्रभूची सेवा
(ज्युबिली समारंभात गायकवृंदापुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी संगीतावर चार शब्द बोलावेत, अशी गायकवृंदाच्या मंडळींची इच्छा होती. आम्ही विषय निवडला तो एका पियानोवादकाचा. कपाशीच्या या मुलखात पियानो सहसा दृष्टीस पडत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि या वादकाच्या चरित्राचा एक धागा सातासमुद्रांपलीकडून निघून थेट आपल्या सेवाग्रामच्या मातीच्या कुटीपर्यंत येऊन पोहोचतो; म्हणून त्याची ओळख आपणांस असावी.

फ्रेडरिक लॅमंड यांचा जन्म २८ जानेवारी १८६८ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. बालवयातच ते प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवू लागले. पुढे जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे त्यांनी विद्याभ्यास केला आणि सतराव्या वर्षी बर्लिनच्या श्रोत्यांपुढे पियानोवादन केले. फ्रान्झ लिस्ट या महान वादकाच्या अखेरच्या शिष्यांत त्यांची गणना होते. हे लिस्ट म्हणजे ज्यांनी १८६५ साली आपल्या मंडळीच्या कनिष्ठ धर्मदीक्षा घेतल्या तेच. बेथोव्हनच्या रचनांचा मर्मज्ञ वादक म्हणून लॅमंड यांची ख्याती युरोपभर पसरली.

परंतु पहिल्या महायुद्धाने मनुष्यांप्रमाणे सुरांतही वैर पेरले. जर्मन संगीत म्हणजे शत्रूचे संगीत, अशी भावना इंग्लंडमध्ये बळावली, आणि ज्याने जर्मनीत घर केले होते त्या लॅमंड यांना स्वदेशीच व्यासपीठ मिळेना. अशा वेळी एक तरुणी पुढे आली. तिचे नाव मॅडेलिन स्लेड. ती ब्रिटिश आरमाराच्या एका ॲडमिरलची कन्या. तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाचा! बेथोव्हनच्या संगीताने तिचे अंतःकरण कोवळ्या वयातच वेधून घेतले होते. लोकापवादाची पर्वा न करता तिने १९२१ साली लंडन येथे लॅमंड यांचे वादन घडवून आणले. बंद झालेले दार उघडावयास मोठे सैन्य लागत नाही. बहुधा एक निश्चयी मनुष्य पुरे होतो.

बेथोव्हनच्या ओढीनेच ती फ्रेंच ग्रंथकार रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेली, आणि त्यांच्याकडून तिला गांधीजींचे नाव कळले. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती अहमदाबादेस आली आणि मॅडेलिनची मीराबेन झाली. पुढे त्या आपल्या वर्ध्याजवळच्या सेगावी येऊन राहिल्या. जिला आज आपण बापूकुटी म्हणून वंदन करतो, ती कुटी आरंभी मीराबेनची होती. ज्या बोटांना पियानोच्या पट्ट्यांची सवय होती, त्यांनी येथे चरखा चालविला, झाडू हाती धरला व रोग्यांची शुश्रूषा केली. डिसेंबर १९३१ मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडात रोलाँ यांच्या भेटीस गेले, तेव्हा मीराबेन त्यांच्यासोबत होत्या. गांधीजींच्या इच्छेवरून रोलाँ यांनी बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतील संथ भाग त्यांना पियानोवर वाजवून दाखविला.

लॅमंड यांनी मात्र पियानो सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सावटात बर्लिन सोडून ते मायदेशी परतले, विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले, आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी, निवर्तले. मीराबेन यांनी १९५९ साली भारत सोडला व व्हिएन्नाच्या परिसरात, जेथे बेथोव्हन वावरला त्या भूमीत, उर्वरित आयुष्य घालविले. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता कोणी विचारील की, एकाने कला जन्मभर धरिली, दुसरीने ती सोडिली. यांत श्रेष्ठ कोण? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पाचारण ज्याचे त्याला असते. धरणे आणि सोडणे ही दोन्ही अर्पणे होऊ शकतात. केवळ आपल्या कौतुकाकरिता धरिले अथवा सोडिले, तर दोन्ही व्यर्थ. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्राने देवळात पियानो वाजविण्यास मनाई केली होती. ढोल व झांजाही त्याच मनाईत होत्या. तो कलेचा तिरस्कार नव्हता. उपासनेत वाद्याने प्रार्थनेच्या पुढे धावू नये, हा त्यातील हेतू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेस साजेशी इतर वाद्येही स्वीकारण्यास वाव दिला, म्हणून आज आपली पेटी व ढोलकी मिस्सेत निःशंकपणे वाजतात. दार उघडले, परंतु तो हेतू कायम आहे.

आणि आता आमच्या मनातील गोष्ट. आपल्या धर्मग्रामाची पेटी आठवडाभर कपाटात कुलूपबंद असते. मुले मोडतील, अशी धास्ती. आणि गाऊन का कोठे पोट भरते, हा घरोघरचा प्रश्न. पोट भरत नसेल. पण बारा वर्षांचा तो स्कॉटिश मुलगा देवळातील ऑर्गनपाशी बसू दिला गेला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. न वाजविलेली पेटीही बिघडतेच. तिच्या भात्यास भोके पडतात, सूर चिकटतात. मोडण्याची भीतीच बाळगावयाची, तर ती वापरून मोडलेली बरी.

म्हणून ज्युबिलीची भेट म्हणून आम्ही एवढेच मागतो: ते कुलूप आजपासून काढावे. दर शनिवारी सायंकाळी, जो मुलगा वा मुलगी येईल तिला, मग ती कोणत्याही घरची, कोणत्याही वस्तीवरची असो, पेटीपाशी बसू द्यावे. त्यांतून कोणी मोठा वादक होईल, कोणी सारे सोडून रोग्यांच्या सेवेस जाईल, कोणी शेतात राबता राबता स्तोत्र गुणगुणेल. निवड प्रभूची, दार उघडणे तेवढे आपल्या हाती. तो कृपाळू पिता आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.