एक किलोमीटर, बारा फोटो

चालता चालता ऐकत असाल तर उत्तम. फोन मात्र जरा वेळ खिशातच राहू द्या.

पुण्याच्या पूर्वेकडे कुणी 'फोटो काढायला जायचंय' म्हटलं की पहिलं नाव येतं कवडीपाटचं. सोलापूर रोडजवळ, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. हिवाळ्यात तिथं लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात आणि रविवारी सकाळी पक्ष्यांपेक्षा लेन्सच जास्त दिसतात. पण हीच नदी त्याआधी आमच्या मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्दच्या मधून येते. इथं कुणी ट्रायपॉड लावत नाही. जलपर्णीला लाईक्स कोण देणार?

मी काही महिने एक नियम पाळतोय. घरापासून एक किलोमीटर, बारा फोटो. तेरावा नाही. जुन्या रोलमध्ये साधारण ३६ फोटो बसायचे, तेही पैसे मोजून. त्यामुळे माणूस आधी नीट बघायचा. आपला फोन तर एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. एवढी मेहनत तो करतोय, तर निदान बघण्याचं काम आपण करूया की! फ्लाइट मोड लावा. डिजिटल झूम नको, तो चित्र नुसतं कापून मोठं करतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

आणि माणूस फ्रेममध्ये असेल तर आधी विचारा. मांजरीच्या उपबाजारात शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात. तिथं एका मावशींना विचारलं, "फोटो काढू का?" म्हणाल्या, "माझा नको, जुडीचा काढ. ताजी मेथी आहे. आणि माझ्या लेकीला व्हॉट्सॲप कर." केला. त्या दिवसाचा तो एकच फोटो कुणाच्या तरी कामाचा होता.

खरी गंमत एकाच जागी परत परत गेल्यावर कळते. गंमत तरी कसली म्हणा. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. माझ्या वाटेवरच्या एका कोपऱ्याचे तीन फोटो आहेत माझ्याकडे: दिवाळीआधी उभा ऊस, मग तोडलेलं रान, आता निळे पत्रे. एकेकटा फोटो अगदी साधा, पण तिन्ही शेजारी ठेवले की पोटात कालवतं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे. उद्या ऊस बघायला तिथंच जावं लागतंय की काय! तुमच्याही घराजवळ असा एखादा कोपरा असेलच. पत्रे लागायच्या आत जा. प्रत्येक वेळी त्याच जागी उभे राहा आणि फोटो तारखेसकट वेगळ्या अल्बममध्ये टाका.

पुढच्या रविवारी मी मांजरी बुद्रुक स्टेशनच्या बाजूनं निघतोय, सकाळी साडेसहाला. येणार असाल तर या, फक्त रुळांवर उतरून फोटो काढायचे नाहीत. चहा मी पाजतो.