राजा मेल्यानंतरची गोष्ट

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘मला आवडलेलं पुस्तक’ या सत्रात केलेलं भाषण)

माझ्या आधी बोललेल्या मैत्रिणींनी आत्मचरित्रं निवडली, एकीने तर सर्वेक्षणाचा अहवाल निवडला. मी मात्र किशोरवयीन मुलामुलींसाठी लिहिलेली एक अद्भुत कादंबरी घेऊन आले आहे. तिच्यात राजवाडा आहे, वेषांतर आहे, चोर आहेत, सांकेतिक लिपी आहे. ती वाचताना मला खूप मजा आली, हे आधीच सांगून टाकते. आपण कार्यकर्त्या मजेसाठी वाचतो हे कबूल करायला उगाच अवघडतो. पण मजा येत असतानाच डोकं चालू राहतं, असा माझा अनुभव आहे.

कादंबरीचं नाव ‘बिटरब्लू’. लेखिका क्रिस्टिन कशोर, अमेरिकन. ‘ग्रेसलिंग’ या 2008 सालच्या कादंबरीचा हा पुढचा भाग, 2012 साली आलेला. या जगात काही माणसांना जन्मतः एखादी विलक्षण शक्ती असते आणि त्यांचे दोन डोळे दोन रंगांचे असतात. मॉनसी नावाच्या राज्यात लेक नावाचा राजा आहे. आपल्या भाषेत ‘लेक’ किती मायेचा शब्द! हा लेक मात्र क्रूर आहे, आणि त्याची शक्ती अशी की तो बोलेल ते ऐकणाऱ्याला खरं वाटतं. तो माणसांचे हालहाल करतो आणि वर सांगतो, तुम्ही सुखात आहात. लोकांना ते पटतं. पहिल्या भागात त्याची राणी अ‍ॅशेन लहानग्या मुलीला घेऊन पळते. ती स्वतः मारली जाते, मुलगी वाचते. अखेर काट्सा नावाची लढवय्यी मुलगी लेकला ठार करते. संपली गोष्ट, असं आपल्याला वाटतं.

दुसरा भाग तिथून आठ वर्षांनी सुरू होतो. ती वाचलेली मुलगी, बिटरब्लू, आता अठरा वर्षांची राणी आहे. दिवसभर टेबलावर कागदांचे ढीग. तिचे सल्लागार सांगतात: राज्य आता पुढे पाहतंय, मागचं उकरू नये. लेकच्या पस्तीस वर्षांच्या राजवटीत ज्याने जे काही केलं, त्याला सरसकट माफी. एके रात्री ती टोपी ओढून, वेष बदलून शहरात जाते. तिथे लोक जमून गोष्टी सांगत असतात, त्या ऐकते. एक छापखाना चालवणाऱ्या तरुणांशी तिची ओळख होते. त्यातले दोघे लेकच्या काळात चोरीला गेलेल्या वस्तू पुन्हा चोरून मूळ मालकाला परत करतात. (हा भाग मी दोनदा वाचला!) आपल्या राज्यात किती जणांना वाचता येत नाही हे तिला तिथे कळतं. सल्लागारांनी दिलेलं चित्र वेगळंच होतं. आणि हेही कळतं की लेकच्या काळात काय घडलं याचा शोध घेणाऱ्यांना कोणीतरी गप्प करतंय, मारतंय.

मैत्रिणींनो, राजा मेलेला आहे, त्याची जादू संपलेली आहे. मग हे कोण करतंय? तिचे सल्लागारच. कारण लेकने आपल्या अत्याचारांत त्यांनाही सहभागी व्हायला लावलं होतं. ते जुलमाचे बळीही आहेत आणि हातही. त्यांच्यातला थील तर तिला बापासारखा जपणारा. तोच शेवटी ओझं न पेलून जीव देतो. लेखिका त्यांना राक्षस करत नाही, आणि निर्दोषही ठरवत नाही. मुलांच्या पुस्तकात हे आलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

आपल्याकडे सल्ला केंद्रात बाई येते, मारहाणीचं सांगते. बैठकीत दोन्हीकडचे वडीलधारे म्हणतात, “झालं गेलं गंगेला मिळालं, आता नव्याने संसार करा.” वाक्य समंजस वाटतं. पण झालं काय, हे बैठकीत कोणी उच्चारलेलंच नसतं. मग गंगेला मिळालं काय? बाईचं बोलणं. आणि विसरा म्हणणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या वेळी दाराबाहेर उभं राहून ऐकत असतं. विसरल्याने सोय कोणाची होते, हा प्रश्न या कादंबरीने मला नेमका हातात दिला.

प्रत्यक्ष इतिहासातही हेच दिसतं. चिलीमध्ये पिनोशेच्या लष्करी सरकारने 1978 साली हुकूम काढून 1973 पासूनच्या गुन्ह्यांना माफी दिली. त्याच काळात, ज्यांचे नवरे-मुलगे बेपत्ता केले गेले अशा बायका गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवत होत्या. त्यांना ‘अरपिएरा’ म्हणतात. कधी त्यात बेपत्ता माणसाच्याच कपड्याचा तुकडा असे, कधी मागे छोट्या खिशात चिठ्ठी. शिवणकाम म्हणजे बायकी काम, म्हणून सत्तेला सुरुवातीला त्यात काही दिसलं नाही.

हे मला का आठवलं? कारण कादंबरीत अ‍ॅशेन राणी रोज भरतकाम करत असे. तिची मुलगी मोठेपणी आईच्या चादरी न्याहाळते, आणि लक्षात येतं की ते टाके म्हणजे लिपी आहे. लेकचं बोलणं ऐकलं की सगळी आठवण धूसर व्हायची, म्हणून जे स्पष्ट दिसेल ते त्या बाईने सुईने लिहून ठेवलं होतं. त्या पानांवर मी बराच वेळ थांबले.

सांगायला लावणं म्हणजे आपोआप न्याय, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या 1996 साली सुरू झाल्या. तिथे माफी सरसकट नव्हती, गुन्हा पूर्ण सांगेल त्यालाच ती मिळू शकत होती. पण अनेक बायका नवऱ्याचं, मुलाचं दुःख सांगत, स्वतःवर गुदरलेलं नाही. म्हणून बायकांसाठी खास सुनावण्या घ्याव्या लागल्या. कोणाला, कुठे, किती सांगायचं, हे बाईनेच ठरवायचं असतं. बिटरब्लूही हे हळूहळू शिकते. शेवटी ती गोष्टींचं आणि सत्याचं खातं सुरू करते, ज्यांना सांगायचं आहे त्यांच्यासाठी.

एक तक्रार आहे. सत्याचं खातं निघतं ते राणीच्या हुकमाने. शेजारच्या राज्यातला जुलमी राजा उलथवायची तयारी चालू असते, पण आपल्या नायिकेचं सिंहासन जागच्या जागी राहतं. यावर आपल्या गटांतल्या मुलींनी जरूर भांडावं.

आपल्या चळवळीलाही पहिला भाग चांगला जमतो: मोर्चा, घोषणा, पोलीस ठाण्यासमोरचं धरणं. दुसरा भाग कंटाळवाणा असतो. त्यात कागद असतात, शांतपणे ऐकणं असतं, आणि आपल्याच बाजूच्या माणसांना अवघड प्रश्न विचारणं असतं. हा दुसरा भाग इतका रंगवून सांगणारं पुस्तक मी तरी दुसरं वाचलेलं नाही. किशोरी गटात ही गोष्ट कोणाला तोंडी सांगायची असेल तर माझ्याकडे प्रसंगांची टिपणं तयार आहेत. मुलींना चोरांचा भाग आधी सांगा, पुढचं त्या स्वतः विचारतील.