शाळेचा उंबरठा ओलांडताना

शालान्त परीक्षेचा निकाल लागतो, घरोघर पेढे वाटले जातात आणि मुलाचे वा मुलीचे नाव कोणत्या महाविद्यालयात घालावे याची चर्चा सुरू होते. या गडबडीत एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शाळेच्या घंटेने बांधलेले आयुष्य संपलेले असते आणि महाविद्यालयातले मोकळे आयुष्य अद्याप सुरू झालेले नसते. या दोहोंच्या मध्ये जे थोडे आठवडे हाती उरतात, त्यांत त्या तरुण मनात पहिल्यानेच एक नवी जाणीव उगवते. काही करायचे होते, ते राहून गेले, ही ती जाणीव होय. व्याकरण कच्चे राहिले, अक्षर सुधारले नाही, एखाद्या गुरुजींना नाहक दुखावले, एखाद्या चुकीच्या सोबत्यापायी वर्ष वाया घालवले, अशी ती टोचणी असते. वडीलमंडळी तिला क्षुल्लक समजतात. परंतु ती क्षुल्लक नव्हे. माणूस स्वतःचा हिशेब स्वतः मांडू लागतो, त्याची ती सुरुवात असते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तेव्हापासून ‘मॅट्रिक’ हा शब्द महाराष्ट्रात आणि गुजरातेत घरगुती होऊन बसला. त्या परीक्षेचे नाव, इयत्ता आणि स्वरूप काळानुसार पालटत गेले. पण तिने उभा केलेला उंबरठा आजही तसाच आहे. हा उंबरठा ओलांडून गेलेल्या काही थोर पुरुषांनी पुढे मागे वळून पाहिले आणि आपल्या शालेय जीवनाचा हिशेब उघड्यावर मांडला. तो वाचला म्हणजे पश्चात्तापातून काय शिकायचे असते, हे अधिक स्पष्ट होते.

असा हिशेब सर्वांत निःसंकोचपणे कोणी मांडला असेल, तर तो महात्मा गांधींनी. राजकोटच्या हायस्कुलात शिकून ते १८८७ साली मॅट्रिक झाले. त्यांचे आत्मचरित्र १९२५ सालापासून ‘नवजीवन’ पत्रात क्रमशः येऊ लागले. तोवर देशभर त्यांचे नाव झाले होते. तरीही हायस्कुलाविषयी लिहिताना त्यांनी आपल्या यशाचा पाढा वाचला नाही. आपण काय गमावले, तेच मुख्यतः सांगितले.

पहिली खंत हस्ताक्षराची. चांगले अक्षर हा शिक्षणाचा आवश्यक भाग नव्हे, अशी त्यांची विद्यार्थिदशेत समजूत होती आणि विलायतेला जाईपर्यंत ती टिकली. पुढे दक्षिण आफ्रिकेत तेथील वकिलांची आणि तेथेच जन्मून शिकलेल्या तरुणांची मोत्यांसारखी अक्षरे त्यांच्या पाहण्यात आली, तेव्हा ते ओशाळले. अक्षर सुधारण्याचा यत्न त्यांनी केला, पण वेळ निघून गेली होती. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि मग अक्षरे गिरवायला लावावीत, असे त्यांचे मत पुढे बनले, ते या अनुभवातून. स्वतःचे उणे त्यांनी नुसते कबूल केले नाही. दुसऱ्यांच्या मुलांना ते बाधू नये, यासाठी त्यातून एक उपाय काढला. खंत आणि धडा यांतला फरक येथे दिसतो. खंत आपल्यापुरती असते. धडा दुसऱ्याच्याही उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट संस्कृतची. भूमितीत डोके चालवता येते, संस्कृतात मात्र सारेच पाठ करावे लागते, असे त्यांना वाटे. सहाव्या इयत्तेत त्यांचा धीर सुटला. संस्कृतचे शिक्षक कडक होते आणि फारसीचे मौलवी सौम्य. फारसी सोपी आहे असे मुलांत बोलले जाई. म्हणून एके दिवशी ते फारसीच्या वर्गात जाऊन बसले. संस्कृतचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांना याचे वाईट वाटले. त्यांनी मुलाला बोलावून घेतले, तो कोणत्या घरातला आहे याची आठवण दिली आणि अडचण असेल तर आपल्याकडे यावे, असे ममतेने सांगितले. मुलगा लाजला आणि परत आला. तेव्हा जे थोडे संस्कृत पदरात पडले, त्याच्याच बळावर पुढे धर्मग्रंथांत रस घेता आला, असे गांधीजींनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. आणि अधिक शिकलो नाही, याचा पश्चात्तापही तेथेच व्यक्त केला आहे. शिक्षकाने रागावून त्या मुलाचे नाव पटावरून काढून टाकले असते, तर नियमात ते बसलेही असते. त्याने ते केले नाही. एका ममतेच्या शब्दाची किंमत किती, हे त्या शिक्षकाला त्या दिवशी ठाऊक असणे शक्य नव्हते.

तिसरा प्रसंग अधिक बोचरा आहे. मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले होते. मोहनदासाला त्यांत गोडी नव्हती. शाळा सुटताच घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करावी, अशी त्याची ओढ होती. सूट मागितली, ती मिळाली नाही. एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि कसरतीसाठी दुपारी चारला पुन्हा जायचे होते. जवळ घड्याळ नव्हते आणि आभाळ भरून आल्यामुळे वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला, तेव्हा सारी मुले निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली. त्याने खरे ते सांगितले. पण त्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि एक-दोन आण्यांचा दंड झाला. दंडाचे दुःख नव्हते. खोटे बोलल्याचा ठपका आला, याचे दुःख होते. तो मुलगा रडला. मात्र त्या रडण्यातून त्याने जे शिकून घेतले, ते असामान्य होते. खरे बोलणाऱ्याने खरे बोलून थांबू नये. त्याने सावधही असले पाहिजे, असा तो बोध होता.

या प्रसंगाला दुसरीही बाजू आहे. ज्याच्या हाती दंड करण्याचा अधिकार असतो, त्याच्यापुढे रोज अनेक सबबी येतात आणि त्यांतल्या पुष्कळशा खोट्या असतात. म्हणून प्रत्येक सबब खोटीच मानण्याची सवय त्याला जडते. शाळेत काय किंवा कचेरीत काय, ही सवय सोयीची असते. पण तिच्यापायी एखादा खरे बोलणारा चिरडला जातो. गिमी हे शिस्तप्रिय आणि विद्यार्थ्यांना आवडणारे मुख्याध्यापक होते, हेही गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. भल्या माणसाच्या हातूनही अन्याय घडतो, हा धडा अधिकारपदावर बसलेल्या प्रत्येकाने या कहाणीतून घेण्यासारखा आहे.

चौथी खंत माध्यमाची. चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवले जात. लग्नामुळे वाया गेलेले वर्ष भरून काढण्यासाठी त्यांना तिसरीतून लवकरच वर चढवले होते. त्यात भूमिती नवी आणि भाषा परकी. पुन्हा खालच्या वर्गात जावे, असेही मनात येई. पण ज्या शिक्षकाने वर चढवण्याची शिफारस केली, त्याला कमीपणा येईल म्हणून ते मागे फिरले नाहीत. युक्लिडच्या तेराव्या सिद्धान्तापाशी येईतो एकाएकी विषयाचे मर्म उलगडले आणि मग भूमिती सोपी झाली. तरी त्या चार वर्षांचे ओझे त्यांच्या मनावर राहिलेच. १९३८ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले, की अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन आणि ज्योतिष यांचे जे ज्ञान मिळवायला चार वर्षे लागली, ते गुजरातीतून एका वर्षात सहज मिळाले असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी येथे क्षणभर थांबावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी वाढणारी कितीतरी मुले घरी अस्खलित मराठी बोलतात; पण शाळेत ती भाषा नसल्याने आजीला चार ओळींचे पत्र लिहिताना अडखळतात. शाळा संपण्याच्या वयात याची खंत वाटत नाही. ती वाटू लागते, तेव्हा पत्र लिहावे अशी आजी उरलेली नसते.

शाळेत जे राहून गेले, ते महाविद्यालयात आपोआप भरून निघते, असेही नव्हे. मॅट्रिक झाल्यावर गांधीजी भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले. प्राध्यापक नामांकित होते. पण त्यांची व्याख्याने या विद्यार्थ्याच्या डोक्यावरून जात. दोष प्राध्यापकांचा नसून आपल्या कच्चेपणाचा होता, अशी कबुली त्यांनी दिली आहे. पहिले सत्र संपताच ते घरी परतले आणि १८८८ साली विलायतेस गेले. तेथे लंडनच्या मॅट्रिकला बसताना लॅटिन ही नवी भाषा शिकावी लागली. पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्ये नापास झाले आणि दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. शाळेत कंटाळून संस्कृत सोडायला निघालेल्या मुलाने परमुलखात एक नवी प्राचीन भाषा चिकाटीने पुरी केली. उणीव राहिली होती. पण ती कशी भरून काढायची, हे आता कळले होते.

आतापर्यंतच्या गोष्टी आपल्याच आळसाच्या, समजुतीच्या वा असावधपणाच्या झाल्या. पण काही उणिवा माणसाच्या स्वतःच्या नसतात. त्या त्याच्यावर लादलेल्या असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट स्वतः घरून नेआण करावे लागे. पाणी शिपायाने वरून ओतले तरच प्यायला मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेच राहावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची त्यांना इच्छा होती. पण अस्पृश्य म्हणून ते दार त्यांना बंद होते आणि फारसी घ्यावी लागली.

एका मुलाला संस्कृतच्या वर्गात परत आणण्यासाठी शिक्षक ममतेने बोलावतो आणि दुसऱ्या मुलाला त्याच वर्गाच्या दारातून आत येऊ दिले जात नाही. दोघेही त्याच देशातले आणि दोन दशकांच्या अंतरातले. पहिल्याने पश्चात्ताप करावा हे योग्यच. दुसऱ्याच्या बाबतीत पश्चात्ताप समाजाने करावयाचा होता. बाबासाहेबांनी पुढे संस्कृतचा अभ्यास स्वप्रयत्नाने केला. तरी शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध करताना, संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले. आणि त्या वाङ्मयाचा इंग्रजी भाषांतरांच्या आधारे पंधरा वर्षे अभ्यास केला आहे, असे सांगून ग्रंथ लिहिण्याचा आपला अधिकारही तेथेच स्पष्ट केला. शाळेने हिरावून घेतलेल्या एका विषयाची सावली जवळजवळ चाळीस वर्षांनंतरच्या ग्रंथावर पडलेली दिसते. तिच्यापुढे ते थांबले नाहीत, हा त्यांचा पराक्रम. पण ती सावली पडली, हा आमचा दोष. मॅट्रिकच्या यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. त्या तरुणाच्या आयुष्यात ते पुस्तक किती दूरवर पोहोचले, हे सर्वांना ठाऊक आहे.

तिसरी तऱ्हा निराळी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडच्या शाळेतून सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस निघाले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. वादळी हवेमुळे समुद्रमार्ग बंद होता. म्हणून सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून ते शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास पोहोचले. परीक्षकांनी त्या किरकोळ बांध्याच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आला तसा तो परत गेला. पुढे मॅट्रिक होईपर्यंत त्यांना तेविसावे वर्ष लागले. ते १८८४ साली पदवीधर झाले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. अठराव्या वर्षी आपली वर्षे वाया गेली असे समजून कपाळाला हात लावणाऱ्या मुलांनी हा कालक्रम एकदा नीट पाहावा. उशीर झाला म्हणजे आयुष्य चुकले, असे होत नाही.

या तीन कहाण्यांवरून शाळा सोडणाऱ्या मुलाने आपल्या मनातल्या टोचणीची तीन वाटण्या करून विभागणी करावी. जे आपल्या आळसाने गेले, ते कबूल करावे आणि शक्य तेवढे आजच भरून काढावे. मधल्या आठवड्यांत रोज एक पान सुवाच्य लिहिले आणि एका कच्च्या विषयाची उजळणी केली, तरी फरक पडतो. जे दुसऱ्यांनी हिरावून घेतले, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. ते मिळवावे आणि आपल्यामागून येणाऱ्याला ते दार उघडे राहील असे पाहावे. आणि जे केवळ उशिरा मिळाले, त्याचे दुःख करू नये.

आणखी एक काम त्याच आठवड्यांत उरकण्यासारखे आहे. प्रत्येकाच्या शाळेत एखादे कृष्णशंकर पंड्या असतात. त्या वेळी ते कडक वाटलेले असतात. कदाचित त्यांची नक्कल करून वर्ग हसलेलाही असतो. महाविद्यालयाचा अर्ज भरून झाल्यावर अर्धा तास काढून त्यांच्या घरी जावे, नमस्कार करावा आणि सांगावे, की गुरुजी, तुम्ही शिकवलेले थोडेच पदरात पडले, पण जे पडले ते टिकेल. पुष्कळांना ही गोष्ट सुचते ती वीस वर्षांनी, आणि तोवर त्या घराला कुलूप लागलेले असते. अठराव्या वर्षी मात्र ते दार बहुधा उघडे असते.