मूल कोणाचे आणि शिक्षण कशासाठी?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी आपण मला बोलण्यास पाचारण केलेत, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. चाळीस वर्षे मी येथला सभासद आहे. आजवर श्रोत्यांत बसलो, व्यासपीठावर प्रथमच उभा राहतो आहे. विषयाची निवड माझ्यावर सोपवली गेली, तेव्हा ज्याच्या अध्यापनात माझी उमेदीची वर्षे गेली तोच विषय मी निवडला : शिक्षणाचे तत्त्वज्ञान.

नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्यांनी बी. एड. केले त्यांना आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद अशी पाठ केलेली यादी आठवेल. प्लेटो एका रकान्यात, रूसो दुसऱ्या, ड्यूई तिसऱ्या; परीक्षा संपली की रकानेही पुसले जातात. हा दोष विषयाचा नव्हे, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. मूल कसे शिकते हे मानसशास्त्र सांगते. कसे शिकवावे हे अध्यापनशास्त्र सांगते. परंतु शिकवण्याजोगे काय आहे, ते का शिकवावे आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मोजणीने किंवा प्रयोगाने सुटत नाहीत. त्यांचा नीट विचार करणे हेच या विद्याशाखेचे काम.

हा प्रश्न मला पुस्तकाने नव्हे, माझ्या नातीने नव्याने विचारला. एका दिवाळीच्या सुट्टीत मी याच ग्रंथालयातून एक गोष्टींचे पुस्तक घरी नेले आणि तिला मोठ्याने वाचायला बसवले. शाळेत हिंदी असल्यामुळे अक्षरे तिला येत होती. शब्द मात्र परके होते. अर्धे पान झाल्यावर तिने पुस्तक मिटले आणि विचारले, "आजोबा, मी हे का वाचायचं?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच कारण हवे होते. "आपली मातृभाषा आहे म्हणून," असे मी म्हणालो खरा. पण ते उत्तर तिला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरे वाटले नाही.

आपल्या मराठीत यासंबंधी तीन क्रियापदे आहेत : वळण लावणे, पढवणे आणि शिकवणे. वळण सवयीचे असते, त्यात कारण सांगावे लागत नाही. पढवणे म्हणजे पोपटाच्या तोंडी शब्द घालणे. शिकवणे मात्र कारणाशिवाय पुरे होत नाही, शिकणाऱ्याला "का?" असे विचारण्याची मुभा असते आणि शिकवणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी असते. लंडन विद्यापीठातील आर. एस. पीटर्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शिक्षण या संकल्पनेची अशीच फोड केली. त्यांच्या मते शिक्षण ही एक दीक्षा आहे : पिढ्यांनी घडवलेल्या, मोलाच्या अशा विचारपरंपरांत मुलाला नेणे, पण ते त्याच्या समजुतीसह, नकळत नव्हे. आपल्याकडील 'उपनयन' या शब्दाचा मूळ अर्थही जवळ नेणे असाच आहे. नातीला मी वळण लावू पाहत होतो आणि ती मला शिकवण्यास सांगत होती.

आता अधिकाराचा प्रश्न. तो या शहरात उपस्थित करण्यास विशेष औचित्य आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानास लागू केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. त्या काळी शेतकरी बापाच्या दृष्टीने हा केवढा हस्तक्षेप होता, याची कल्पना करावी. गुरे राखणारा हात राज्य काढून घेत होते. महाराजांची भूमिका मात्र अशी होती की, बापाची गरज हे मुलाच्या अज्ञानाचे समर्थन होऊ शकत नाही. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले याच स्वरूपाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले; देशभर मुलांचा हा हक्क कायद्याने अमलात येण्यास २०१० साल उजाडावे लागले.

तेव्हा राज्याचे पारडे जड मानावे काय? येथे अमेरिकेतील एक खटला विचारात घेण्याजोगा आहे. विस्कॉन्सिन राज्यात आमिश नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. शेतीवर जगणारे, यंत्रयुगापासून दूर राहणारे हे लोक. आठवीपर्यंत ते मुलांना शाळेत पाठवीत. पुढील शिक्षणाने मुले समाजापासून तुटतील म्हणून थांबवीत. कायदा सोळा वर्षांपर्यंत सक्ती करणारा होता. तिघा पालकांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७२ साली न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र एक वेगळा मुद्दा नोंदवला. तीन मुलांपैकी एका मुलीचीच साक्ष झाली होती. इतर दोघांना काय हवे, हे कोणी विचारलेच नव्हते. त्यातील एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर?

राज्य आणि पालक यांच्या वादात तिसरा पक्ष गप्प बसला होता, तो असा पुढे आला. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने १९८० साली लिहिलेल्या निबंधात त्याला नाव दिले : मुक्त भविष्यावरील मुलाचा हक्क. मूल सज्ञान होईपर्यंत त्याचे काही हक्क आपण विश्वस्त म्हणून सांभाळायचे असतात. त्याची दारे त्याच्या वतीने आपण बंद करू नयेत.

हा विचार मला मान्य आहे. परंतु त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. घराबाहेर जाणारी दारे उघडी ठेवायची, तर आधी घर असावे लागते. सर्व भाषा सारख्याच दूर ठेवल्या म्हणजे मूल स्वतंत्र होते असे नाही, ते पोरके होते. लहानपणी न मिळालेली भाषा पुढे शिकता येते, पण ती घरची म्हणून मिळत नाही. मराठी न देणे हेही एक दार बंद करणेच आहे आणि आपण ते अनेकदा मुलाच्या भल्याच्या नावाखाली करतो.

डॉ. आंबेडकर १९१३ साली याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांना जॉन ड्यूई यांच्यासारखा गुरू लाभला. ड्यूई यांनी १९१६ सालच्या आपल्या ग्रंथात कोणत्याही समाजाची पारख करण्यास दोन कसोट्या दिल्या आहेत : त्याच्या सदस्यांत समान आस्थेचे विषय किती आणि बाहेरच्या समाजांशी त्याची देवघेव किती मोकळी. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला याहून नेमकी कसोटी मिळणार नाही. गुजरातीशी आपली देवघेव मोकळी आहे, याचा मला अभिमान वाटतो. पहिल्या कसोटीवर मात्र आपण उतरतो का? गणेशोत्सवापलीकडे आपल्या मुलांना एकत्र आणणारे काय उरले आहे?

येथे ग्रंथालयाचे महत्त्व मला दिसते. सक्तीने अक्षरओळख होईल, पण वाचायला काही नसेल तर ती मोडेल, हे सयाजीराव महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांची उभारणी आरंभली. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांत पाठवल्या. शाळेस सक्ती होती, ग्रंथालयास नव्हती. फडताळ उघडे, वाचणारा मोकळा. वारसा द्यावा, पण लादू नये, हे ज्याला साधायचे आहे त्याने ग्रंथालयाकडून शिकावे.

माझी विनंती एवढीच आहे. शताब्दीच्या निमित्ताने कपाटे, इमारत, कोनशिला होतीलच. त्याबरोबर आठवड्यातून एक तास थोरांनी मुलांना शेजारी बसवून वाचावे. 'वाच' म्हणू नये, स्वतः वाचावे. मुलांनी "का?" विचारले तर रागावू नये.

नातीला मी पुढे उत्तर दिले ते असे : "हे तुझं आहे म्हणून तुला दाखवतो आहे. ठेवायचं की नाही, ते तू मोठी झालीस की ठरव. पण न पाहता टाकू नकोस." तिने पुस्तक परत उघडले नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र उरलेली गोष्ट मी वाचून दाखवावी, असे ती म्हणाली. मी वाचली, आणि ती शेवटपर्यंत बसली.