बटण दाबलं, पण यादी जुनीच

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका मावशींचं नाव थकबाकीत वाचलं गेलं. हप्ता त्यांनी आदल्याच दिवशी भरला होता. पदराची गाठ सोडून त्यांना चारचौघींत पावती दाखवावी लागली. चूक होती आमच्या लॅपटॉपवरच्या एका बटणाची, आणि त्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्या आमची.

आमची हप्त्यांची फाइल एक्सेलमध्ये आहे. त्यातलं बटण दाबलं की एक्सेल बाहेरचा एक छोटा प्रोग्राम सुरू करतं. तो पायथन भाषेत लिहिलेला आहे. तो सगळ्या गटांच्या फाइली एकत्र करून यादी बनवतो आणि एक्सेल ती यादी उघडतं. हे बनवून देणारा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, आम्ही लॅपटॉप बदलला, आणि कुरबुरी सुरू झाल्या.

पहिल्यांदा आली ५३ नंबरची एरर : फाइल सापडत नाही. अगं, फाइल तर समोर दिसतेय! अर्धा दिवस आम्ही त्या प्रोग्रामच्या फाइलकडेच बघत बसलो. सापडत नव्हतं ते खुद्द पायथन. बटणामागच्या मॅक्रोत त्याचा जुन्या लॅपटॉपवरचा पत्ता लिहिलेला होता. नेमकी कोणती फाइल सापडत नाही हे ती एरर सांगत नाही, पण त्या ओळीत ती सुरू करायचा प्रोग्रामच सापडला नाही तर येते, म्हणून त्याचाच पत्ता तपासावा लागतो.

ते सुधारलं, तर काळी खिडकी क्षणभर उघडून लगेच बंद. त्यात काहीतरी लिहिलेलं असायचं, पण वाचायला वेळच मिळेना. मग स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून आम्हीच ती खिडकी उघडली आणि मॅक्रोतली आज्ञा तिथे चालवली. अशी चालवली की खिडकी उघडीच राहते. आमच्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘बचत गट’, मध्ये मोकळी जागा. पायथनने ‘बचत’पर्यंतच वाचलं आणि अशी फाइल नाही म्हणून सांगितलं. पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घातला की भागतं, मात्र मॅक्रोत लिहिताना ते चिन्ह दोनदा द्यावं लागतं. आम्हाला ते काही केल्या जमेना. शेवटी फोल्डरचं नावच जोडून टाकलं.

या दोन चुका निदान ओरडून सांगतात. तिसरी गप्प बसते. मॅक्रोतली ‘शेल’ ही आज्ञा बाहेरचा प्रोग्राम सुरू करते आणि तो संपायची वाट न बघता पुढे जाते. गट वाढले तसं यादीला वेळ लागू लागला. नवी तयार व्हायच्या आतच एक्सेलने गेल्या आठवड्याची यादी उघडली. एरर नाही, काही नाही. मावशी मात्र थकबाकीदार!

आता ‘शेल’च्या जागी ‘डब्ल्यूस्क्रिप्ट शेल’ची ‘रन’ ही आज्ञा आहे. तिच्यात तिसऱ्या जागी ‘ट्रू’ लिहिलं की ती काम संपेपर्यंत थांबते आणि शेवटी एक आकडा परत देते. पायथनचं काम मध्येच न अडता पार पडलं तर तो शून्य असतो. शून्य आला तरच यादी उघडते. शिवाय यादी कधी बनली ती तारीख-वेळ आम्ही वर छापतो.

मावशींची माफी आम्ही बैठकीतच मागितली. त्या हसल्या. पण आता नावं वाचायच्या आधी विचारतात, “यादी आजचीच ना गं?”